पिशवीवरची खूण कोणाची?

आम्ही दारव्हा-दिग्रस भागातल्या बचत गटांचं समन्वयाचं काम करतो. आज आम्ही बोलणार आहोत पिशव्यांबद्दल.

तुम्ही म्हणाल, पिशवीत बोलण्यासारखं काय आहे? बाजाराची पिशवी आहे, पोरांचं दप्तर आहे, लग्नात ओटीसोबत द्यायचा बटवा आहे, आजीची पान-सुपारीची चंची होती. आपल्यातल्या कितीतरी जणी मशीनवर पिशव्याच शिवतात. पण आज ज्या पिशव्यांबद्दल बोलायचं आहे त्या एकेक लाखाच्या, दोन-दोन लाखांच्या आहेत. मोबाईलवर नट्यांच्या हातात दिसतात त्या. हा विषय काढायला एक कारण घडलं, ते पुढे सांगतोच. आधी ही महागाची पिशवी आपण उसवून बघू. शिवणाऱ्या बाईला दुसऱ्याची शिवण उसवल्याशिवाय काही कळत नाही.

सगळ्यांत जास्त ओळखली जाणारी पिशवी घ्या. तपकिरी रंगाची, तिच्यावर एल आणि व्ही ही इंग्रजी अक्षरं एकमेकांत गुंतलेली आणि मधे मधे चार पाकळ्यांची फुलं. पॅरिसच्या लुई व्हिटॉन कंपनीची. आमच्या गटात आम्ही विचारलं होतं, ही कशाची असेल? सगळ्या म्हणाल्या, चामड्याची. नाही. तिचं अंग सुती कॅनव्हासचं असतं आणि त्यावर प्लास्टिकचा, म्हणजे पीव्हीसीचा, लेप असतो. चामडं असतं ते फक्त बंदाला आणि काठाला. म्हणजे आपण ज्याला रेक्झिन म्हणतो त्याचाच हा फार वरच्या दर्जाचा, जाड आणि टिकाऊ भाऊ. आणि मुळात तो कापूस!

कापूस म्हटल्यावर यवतमाळच्या बाईला वेगळं काय सांगायचं. इंग्रजांच्या काळात आपल्याकडचा कापूस वाहून न्यायला मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करत यवतमाळपर्यंत ती लहान रूळाची शकुंतला गाडी आली. कापूस मुंबईला जायचा, तिथून जहाजानं विलायतेला. इथे राहायची सरकी आणि पऱ्हाटी. कापसाचं कापड कुठे झालं, कापडाची पिशवी कुठे झाली, हे पाहायला इथून कोणी गेलं नाही.

लुई व्हिटॉन हा माणूस पेट्या बनवणारा. १८५४ साली त्यानं पॅरिसमध्ये दुकान टाकलं. त्याच्या पेट्या चांगल्या निघाल्या, आणि चांगल्या निघाल्या म्हणून लगेच त्यांची नक्कल सुरू झाली. त्यानं कापडावर पट्टे आणले, लोकांनी पट्टे उचलले. १८८८ साली त्यानं चौकडी आणली, बुद्धिबळाच्या पटासारखी, आणि काही चौकड्यांत लिहून टाकलं की ही आमची नोंदवलेली खूण आहे. पुढे तो वारला, आणि १८९६ साली त्याचा मुलगा जॉर्ज यानं बापाच्या नावाची अक्षरं आणि फुलं यांचं ते प्रसिद्ध नक्षीकाम काढलं. म्हणजे आज जी नक्षी मिरवायला लोक पैसे मोजतात, ती जन्माला आली नकलेला कंटाळून. आणि तेव्हापासून सव्वाशेच्या वर वर्षं झाली, त्यांनी ती सोडलेली नाही. आपण दर दिवाळीला डिझाईन बदलतो, गिऱ्हाईक म्हणते नवीन दाखवा म्हणून. ते तसं करत नाहीत. पिशवीचा आकार बदलतील, रंग बदलतील, पण खूण ती आणि तीच.

आता शिवणाऱ्यांसाठी त्यातली एक गंमत. त्यांची स्पीडी नावाची जुनी गोलसर पिशवी आहे. तिच्या एका बाजूला अक्षरं सरळ असतात आणि दुसऱ्या बाजूला उलटी, डोकं खाली. पाहणाऱ्याला वाटतं शिवण चुकली. पण ते कापड एकाच लांब तुकड्याचं असतं, तळाला जोड न देता खालून वर घेतलेलं. तळाला जोड नाही म्हणून वजनानं तिथे उसवायचं भय नाही. आपणही बाजाराची पिशवी अशीच शिवतो, तळ बिनजोड. फरक एवढाच की आपल्या कापडावर अक्षरं नसतात म्हणून उलटं-सुलटं कोणाला दिसत नाही.

बाकीच्या मोठ्या पिशव्याही अशाच. इटलीच्या गुच्ची कंपनीनं महायुद्धानंतर, १९४७ साली, चामडं आणि बाकीचं सामान मिळेना म्हणून पिशवीला बांबूची मूठ लावली. बांबू आगीवर धरायचा, मऊ झाला की वाकवायचा. आपल्या बुरड मंडळींना हे शिकवायला इटलीहून कोणी यायची गरज नाही. त्याच इटलीतल्या प्राडानं १९८०च्या दशकात काळ्या नायलॉनच्या पिशव्या काढल्या. बोट्टेगा व्हेनेटा म्हणून एक कंपनी आहे, १९६६ साली सुरू झालेली. ती चामड्याच्या पट्ट्या चटईसारख्या एकात एक विणून पिशवी करते. बाहेर नाव नाही, अक्षर नाही. ती वीणच तिचं नाव.

शनेल कंपनीची पिशवी तर आम्ही गटाच्या बैठकीत मोबाईलवर मोठी करून दाखवली, तेव्हा एक काकू म्हणाल्या, "काहून, ही तर गोधडी आहे!" आणि खरंच. दोन थर, मधे भरती, आणि वरून तिरप्या टिपा मारून पाडलेले शंकरपाळे. फेब्रुवारी १९५५ मध्ये ही पिशवी आली, म्हणून तिचं नावच दोन-पंचावन्न असं आहे. साखळीचा बंद यासाठी की बाईला खांद्यावर अडकवून दोन्ही हात मोकळे राहावेत. त्याआधी तिथल्या बाया पिशवी हातात धरून फिरायच्या. डोक्यावर भारा आणि कडेवर लेकरू घेणाऱ्या आपल्या बायांना हात मोकळे राहण्याची किंमत जास्त कळेल.

आणि एर्मेस. ही कंपनी १८३७ सालची, मूळ धंदा घोड्यांचं खोगीर आणि लगाम शिवायचा. त्यांची शिवण अजून हातानंच. एका दोऱ्याला दोन टोकांना दोन सुया, एकाच छिद्रातून एक इकडून, एक तिकडून. एक टाका तुटला तरी बाकीची शिवण उसवत नाही. मशीनची टीप एका ठिकाणी तुटली की कशी सरसर सुटत जाते, हे आपल्याला माहीतच आहे. आणि तो मेण लावलेला दोरा असतो लिननचा. लिनन म्हणजे काय? जवसाच्या काडीतून निघणारा धागा. तेच जवस, ज्याची आपण चटणी करतो. धाग्यासाठी उंच वाढणारं वाण लावतात आणि तेलासाठी आपल्यासारखं ठेंगणं, पण जात एकच. आमच्या बैठकीत हे सांगितल्यावर पाच मिनिटं जवसावरच गप्पा झाल्या. पूर्वी किती पेरायचो आणि आता कोणी पेरत नाही, असं.

या एर्मेसची बर्किन नावाची पिशवी जगात सगळ्यांत नावाजलेली. जेन बर्किन ही नटी होती. ती सगळीकडे वेताची टोपली घेऊन फिरायची. १९८०च्या दशकात एकदा विमानात तिचं सामान सांडलं, आणि शेजारी नेमका कंपनीचा प्रमुख बसलेला. तिनं त्याला ऐकवलं की आईला पोराचं सामान मावेल अशी धड पिशवी मिळत नाही. त्यातून ती पिशवी तयार झाली. जेन बर्किनसाठी बनवलेली ती पहिली पिशवी जुलै २०२५ मध्ये पॅरिसला लिलावात विकली गेली. किंमत सुमारे ८६ लाख युरो. आपल्या पैशात ८० कोटींच्या वर. एका पिशवीला! ती नवीही नव्हती, वापरून डाग पडलेली होती.

मग पैसे कशाचे? कापसाचे नाहीत, नायलॉनचे नाहीत, बांबूचे तर नाहीतच. काही पैसे सफाईचे, ते मान्य करायला हवं. टाका सरळ, काठ घासून रंगवलेला, नक्षी जोडावर बरोबर जुळलेली. आपल्या पिशवीच्या आत हात घातला तर दोरे लोंबतात, हेही तितकंच खरं आहे. पण उरलेले सगळे पैसे त्या खुणेचे. ती खूण कोणाच्या मालकीची आहे, त्यालाच ते जातात. शिवणाऱ्याला नाही. २०२४ साली इटलीतल्या मिलान शहरात न्यायालयासमोर एक प्रकरण आलं. दिओर कंपनीची एक पिशवी दुकानात २६०० युरोला, म्हणजे सव्वादोन लाखांच्या आसपास विकली जात होती. ती तयार करून देणाऱ्या कारखान्याला तिच्यामागे मिळत होते ५३ युरो, म्हणजे पाच हजारांच्या आत. चामड्याचा खर्च त्यात धरलेला नाही, तरी हिशेब करून पाहा. काही कारखान्यांत कामगार काम करायचे तिथेच झोपायचे. हे युरोपात, जिथे सगळं कायद्यानं चालतं असं आपण ऐकतो.

आता आपल्या महाराष्ट्रात या. जून २०२५ मध्ये त्याच मिलानमध्ये प्राडाच्या कपड्यांचा कार्यक्रम झाला. तिथे पुरुषांच्या पायात ज्या चपला दिसल्या त्या पाहून कोल्हापूरच्या माणसांनी एका नजरेत ओळखलं, ही आपली चप्पल. कंपनीनं मात्र त्यांना नुसतं चामड्याचे सँडल म्हटलं होतं. कोल्हापूरचं नाव नाही, कारागिराचं नाव नाही. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावतात, ती शिवतात चामड्याच्याच वादीनं, खिळा न मारता. ही पिढ्यानपिढ्यांची चर्मकारांची विद्या. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर, एवढ्या आठ जिल्ह्यांपुरतं.

मग गदारोळ झाला. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सनं कंपनीला पत्र लिहिलं, आणि कंपनीनं मान्य केलं की हो, ही प्रेरणा भारतातल्या हातकामाची आहे. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकाही झाली. ती जुलैमध्ये फेटाळली गेली, कारण मानांकन ज्यांच्या नावावर नोंदलेलं आहे त्यांनी यायला हवं, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. ते नाव आहे आपल्याकडच्या संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाचं आणि कर्नाटकातल्या तशाच महामंडळाचं. पुढे डिसेंबरमध्ये या दोन महामंडळांचा आणि प्राडाचा करार झाला. सुमारे दोन हजार जोड इथल्या कारागिरांकडून करून घ्यायचे आणि सुमारे ८०० युरोला एक जोड विकायचा, असं तेव्हा जाहीर झालं. कारागिराच्या हातात त्यातले किती पडणार, हा प्रश्न आम्हाला तेव्हाही पडला आणि अजूनही पडलेला आहे.

यात एक बारकी गोष्ट आहे, ती नीट ऐका. मानांकनानं राखलं जातं ते मुख्यतः नाव. आठ जिल्ह्यांच्या बाहेर बनवलेल्या चपलेला कोल्हापुरी म्हणून विकता येत नाही. पण कंपनीनं नाव घेतलंच नव्हतं, नुसता आकार घेतला होता. मग ती कायद्याच्या तावडीत यायची कशी? आणि मोठ्या कंपन्यांनाही हे दुखणं आहे. व्हिटॉनच्या त्या चौकडीबद्दल युरोपच्या न्यायालयानं २०१५ साली सांगितलं की तपकिरी-बदामी चौकडी ही कोणाचीही असू शकते, तिच्यावरून माल कोणाचा ते ओळखता येत नाही, म्हणून तिची नोंदणी रद्द. अक्षरांची नक्षी मात्र त्यांचीच राहिली. चौकडी सगळ्यांची, अक्षरं त्यांची.

धारावीचं एक उदाहरण आम्हाला फार आवडतं. महाराष्ट्रात २०१५ साली गोवंश हत्याबंदीचा कायदा झाला, तेव्हा धारावीतल्या चामड्याच्या कामाला मोठा फटका बसला. सुधीर राजभर नावाच्या चित्रकारानं तिथल्या कारागिरांना घेऊन चामड्याऐवजी जुन्या रबरापासून केलेल्या पत्र्यासारख्या कापडाच्या पिशव्या काढल्या. दिसायला साध्या, झोळीसारख्या, पण शिवण एकदम पक्की. आणि नाव काय ठेवलं, तर चमार स्टुडिओ. ज्या शब्दानं माणसांना हिणवलं, तोच शब्द पिशवीच्या चिठ्ठीवर, मानानं. आज त्या वस्तू परदेशात जातात. सामान टाकाऊ रबराचं, किंमत आहे नावाची आणि हाताची. फरक हा की हे नाव शिवणाऱ्यांच्या बाजूचं आहे.

आता आमच्याकडचं कारण. मागच्या दिवाळीच्या आधी एक व्यापारी आमच्या गटाकडे दोन गठ्ठे घेऊन आला. एक गठ्ठा रेक्झिनचा, त्यावर तीच एल-व्हीची छापील नक्षी. दुसरा गठ्ठा कापडाचा, त्यावर बंजारा भरतकाम छापलेलं. आरसे छापलेले, कवड्या छापलेल्या, टाकेसुद्धा छापलेले. लांबून पाहिलं तर खरं वाटावं. तो म्हणाला, दोन्हीच्या पिशव्या शिवा, नगाला २२ रुपये, महिन्याला हजार नग. साध्या बाजाराच्या पिशवीला आम्हाला ८ रुपये मिळतात. त्या वर्षी पावसानं सोयाबीन गेलेलं होतं. तेव्हा २२ रुपये काय असतात ते घरात बसून सांगणं सोपं नाही. एका ताईनं सरळ विचारलं, "खूण त्या गोऱ्याची, कंपनी त्याची, त्याचं काय जाणार आहे? माझी तर फी भरायची आहे पोरीची." तिचा प्रश्न चुकीचा होता असं आम्ही म्हणणार नाही.

पहिल्या गठ्ठ्याचा निकाल कायद्यानंच लावला. ट्रेड मार्क कायदा, १९९९. दुसऱ्याची नोंदलेली खूण मालावर लावणं किंवा तसा माल विकणं हा गुन्हा आहे. शिक्षा ६ महिन्यांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून २ लाखांपर्यंत दंड. धाड पडली तर व्यापारी पळतो, गठ्ठे सापडतात ते आपल्या घरात, आपल्या मशीनखाली. आणि बँकेचं कर्ज गटाच्या नावावर आहे, ते वेगळंच. तो गठ्ठा आम्ही परत केला.

दुसऱ्या गठ्ठ्यावर दोन बैठका गेल्या. इथे कायदा आडवा येत नव्हता. त्या छापील कापडावर कोणाचा हक्क लिहिलेला नव्हता. पण आमच्या गावापासून जवळच तांडा आहे. तिथल्या याड्यांच्या अंगावरच्या कांचळीवर आणि फेटियावर जे काम आहे, तेच त्या कापडावर छापलेलं होतं. आमचा गट मिश्र आहे, काही जणी तांड्यावरच्या, काही गावातल्या. तांड्यावरची एक सून म्हणाली, "सासूला त्या एका पट्टीला दीड दिवस लागतो. हे तर मीटरवर मिळते." ती एवढंच बोलली. मग कोणीतरी प्राडाचं नाव काढलं. कोल्हापूरच्या लोकांसाठी आपण रागावलो होतो की नाही? मग तांड्याचा आकार उचलून, तांड्याला न विचारता, २२ रुपयांत हजार पिशव्या शिवल्या तर आपण कोण?

आम्ही त्या सासूकडे गेलो. त्या गोरमाटीत बोलत होत्या आणि सून आम्हाला मराठीत सांगत होती. त्या म्हणाल्या, हे माझं नाही, माझ्या आईनं शिकवलं, तिला तिच्या आईनं, तेव्हा मी एकटी हो म्हणू शकत नाही. मग त्यांनी त्यांच्याकडची जुनी कोथळी काढून दाखवली. लहानशी चौकोनी पिशवी, कडेला कवड्या, मधे आरसे, चारही कोपऱ्यांत वेगळे टाके. उजेडाला धरली तरी मागची बाजू पुढच्याइतकीच साफ. एर्मेसच्या सफाईबद्दल आम्ही वर जे बोललो ते इथे आठवलं.

कर्नाटकात बल्लारीजवळ संडूर गाव आहे. तिथल्या लंबाणी, म्हणजे बंजारा भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. त्या कामात चौदा प्रकारचे टाके मोजतात, प्रत्येकाला नाव. २०२३ साली हंपीला जी-२०ची बैठक झाली, तेव्हा तिथल्या बायांनी केलेल्या १७५५ वस्तू एकत्र मांडून गिनीज बुकात नोंद झाली. काम तेच, ताऱ्यासारखं चमकणारं. पण तिथे कोणीतरी बसून टाक्यांची नावं लिहून काढली. आपल्या तांड्यांवर ती नावं अजून तोंडीच आहेत, आणि ज्यांच्या तोंडी आहेत त्या साठी-सत्तरीच्या आहेत.

शेवटी तांड्यावरच्या बायांची एक बैठक झाली, त्यांच्यात त्यांची. त्यांनी जे ठरवलं ते आमच्या ठराव वहीत लिहिलं आहे. पट्टी हातानंच भरायची, छापायची नाही. लग्नाच्या कांचळीवरचे काही नमुने विकायला द्यायचे नाहीत, ते घरचे. पट्टीचे पैसे आधी, पिशवी विकल्यावर नाही. आणि चिठ्ठीवर गोरमाटी हे नाव आणि भरणारीचं नाव असलंच पाहिजे. पट्टीला ३०० रुपये. आमच्याकडे निंदणाची रोजी २०० आहे, दीड दिवसाचं काम म्हणून ३००. आमच्यातल्या एकीला ते फार वाटले, तिनं तसं म्हटलंही. मग तिला सुई हातात देऊन दहा आरसे लावायला सांगितले. संध्याकाळपर्यंत चार झाले.

पिशवीचं अंग आम्ही डेनिमच्या कतरणीचं केलं. यवतमाळजवळ लोहारा एमआयडीसीत डेनिम कापड बनतं, आणि यवतमाळच्या बाजारात शिंप्यांकडे जीनची कतरण किलोवर मिळते. डेनिम म्हणजेही कापूसच. आतून अस्तर, एक झिपचा कप्पा, तळ बिनजोड, बंदाला चार टिपा. सामानाचे ८० रुपये, शिवणीचे ९०, पट्टीचे ३००. झाले ४७०. आम्ही किंमत ठेवली ७५०. वरच्या पैशांत प्रदर्शनाचा खर्च, खराब नग आणि गटाचा नफा. जिल्ह्याच्या प्रदर्शनात ४० पिशव्या नेल्या, २३ विकल्या. बऱ्याच बाया हात लावून जायच्या आणि म्हणायच्या, अशी ऑनलाइन २०० ला मिळते. आम्ही ती २०० वाली एक मागवून शेजारी ठेवली होती, म्हणून काही जणींना फरक हातानं कळला. काहींना नाही कळला, त्या २०० वालीच कुठे मिळते विचारून गेल्या. उरलेल्या १७ पैकी ५ आमच्याच नातेवाइकांनी घेतल्या, ते विक्रीत धरू नका.

आणि खूण? ती आमची स्वतःची, तांड्याची नाही. पिशवीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात पांढऱ्या दोऱ्यानं फुटलेलं कापसाचं बोंड, पाच पाकळ्यांचं. रुपयाच्या नाण्याएवढं. रंग कोणताही असो, पिशवी लहान असो की मोठी, बोंड त्याच कोपऱ्यात आणि त्याच मापाचं. त्यासाठी पुठ्ठ्याचा साचा कापून ठेवला आहे. पहिल्या महिन्यात एका ताईनं हौसेनं ते गुलाबी केलं. छान दिसत होतं, पण परत पांढरं करायला लावलं.

खूण नोंदवायची असेल तर तेही अवघड नाही. ट्रेड मार्कचा अर्ज ऑनलाइन होतो. पिशव्यांचा वर्ग अठरावा. गटाची उद्यम नोंदणी असेल तर एका वर्गाची फी साडेचार हजार रुपये, नाही तर नऊ हजार. नोंदणी दहा वर्षांची, मग नव्यानं करायची. पैसे भरायच्या आधी तशीच खूण कोणाची आहे का ते त्याच संकेतस्थळावर फुकट शोधता येतं. एजंट आधी पंधरा हजार मागेल, घाई करू नका. आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. तशा मानांकनासाठी मात्र एक गट पुरत नाही. सगळ्या तांड्यांच्या बायांची संस्था लागेल, टाक्यांची नावं, जुने नमुने, किती वर्षांपासून हे काम चाललं त्याचे पुरावे लागतील. म्हणून आम्ही आता एक काम धरलं आहे. ज्यांच्या घरी जुनी कोथळी, कांचळी, झोळी आहे त्यांच्याकडे जाऊन मोबाईलवर दोन्ही बाजूंचा फोटो घ्यायचा आणि प्रत्येक टाक्याचं गोरमाटी नाव त्या बाईच्याच तोंडून वहीत उतरवायचं. आतापर्यंत नऊ टाक्यांची नावं झाली. एका टाक्याची दोन तांड्यांवर दोन नावं निघाली, त्यावरून थोडी वादावादी झाली, दोन्ही लिहून ठेवली.

तुमच्या गावात अशा जुन्या वस्तू असतील तर सोमवारच्या प्रभाग संघाच्या बैठकीला घेऊन या. विकत घ्यायला नाही, बघायला. फाटक्या असल्या तरी चालतील, फाटक्या ठिकाणी टाका आतून कसा आहे ते जास्त दिसतं. येताना घरची मोठी बाई सोबत आणा, नाव तीच सांगेल.

नागपूरच्या एका दुकानानं आमच्याकडे महिन्याला दोनशे पिशव्या मागितल्या आहेत. तांड्यावर पट्टी भरणाऱ्या अकरा जणी आहेत आणि कापूस वेचायचे दिवस सोडून त्यांच्याकडून महिन्याला साठच्या वर पट्ट्या होत नाहीत. आम्ही त्यांना साठ कळवल्या. उत्तर अजून यायचं आहे.